सालाचा शिक्का आणि जिभेची साक्ष

वाइनविषयीच्या लेखनात एक वाक्य इतक्या वेळा भेटते, की ते पहिल्यांदा कोणी लिहिले हे शोधण्यातही आता अर्थ उरलेला नाही. जुन्या व्हिंटेज शॅम्पेनमध्ये प्रत्यक्ष काळाची चव लागते, असे ते वाक्य. लेखकागणिक शब्द थोडे बदलतात. कोणी काळाऐवजी इतिहास म्हणतो, कोणी स्मृती, कोणी शहाणपण. वाचणारा मान डोलावतो, कारण काळ या शब्दापुढे मान डोलावण्याची आपल्याला सवय आहे. आम्हांला हे वाक्य मान्य नाही. त्यात एक वैचारिक लबाडी आहे, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या अतिपरिचयाची आहे. म्हणूनच एका फ्रेंच मद्याचा विषय येथे काढण्याचे धाडस करीत आहोत.

मराठी समीक्षेने आस्वाद, रस, रुची, अभिरुची हे सगळे शब्द जिभेकडून उसने घेतले आणि नंतर जिभेलाच पंगतीतून उठवले. कवितेचा आस्वाद घेणाऱ्याला आंबट लागले की तुरट, हे विचारणे ग्राम्य ठरते. त्यामुळे खऱ्याखुऱ्या चवीवर निर्णय द्यायची वेळ आली की आपली फजिती होते. जुन्या शॅम्पेनचा पेला ही समीक्षकाची फार कठीण परीक्षा आहे. बाटली एकदाच उघडते, पुनर्वाचनाची सोय नाही, आणि घोट घेण्याआधीच वेष्टणावरचे मोठे नाव व जुने साल निकाल सांगून मोकळे झालेले असते.

आधी वस्तुस्थिती पाहू. ईशान्य फ्रान्समधील शांपान्य प्रांतात, रँस आणि एपर्ने या शहरांच्या परिसरात, प्रामुख्याने शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए या तीन द्राक्षजातींपासून ही वाइन होते. बहुतेक शॅम्पेन अनेक वर्षांच्या वाइन एकत्र करून बनते आणि तिच्यावर साल नसते. ज्या वर्षीचे पीक स्वतंत्रपणे उभे राहील असे उत्पादकास वाटते, त्या वर्षीची वेगळी बाटली काढतात, ती व्हिंटेज. साल नसलेल्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने आणि व्हिंटेजला किमान ३ वर्षे तळघरात ठेवावे लागते, असा नियम आहे. नामांकित घराणी त्याहून कितीतरी अधिक काळ ठेवतात.

या काळात बाटलीत काय घडते? तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांइतका चढतो. साखर संपली की यीस्ट मरते. जुन्या शॅम्पेनचे चारित्र्य येथून, म्हणजे एका सूक्ष्म प्रेतराशीपासून, सुरू होते. खडूच्या दगडात खोदलेल्या, दहा-बारा अंश तापमानाच्या तळघरात ती बाटली आडवी पडून राहते. मेलेल्या पेशी स्वतःच्याच विकरांमुळे हळूहळू विरघळतात आणि त्यांतली अमिनो आम्ले व प्रथिनांचे अंश वाइनमध्ये उतरतात. पहाटेच्या बेकरीसारखा जो खरपूस वास पुढे येतो त्याचे मूळ हे. हाच गाळ बाटलीतला प्राणवायूही शोषून घेतो. त्यामुळे गाळावर निजलेली वाइन जुनी होऊनही ताजी राहते.

मग तो गाळ बाटलीच्या मानेशी आणून उडवून टाकतात. वाइनीत मुरवलेल्या साखरेचा थोडा अंश घालून खरे बूच बसवतात, आणि वाइनचे दुसरे वय सुरू होते. आता पहारा उठलेला असतो. बुचातून अत्यल्प प्राणवायू आत येतो. वरून घातलेली साखर आणि आधी उतरलेली अमिनो आम्ले यांच्यात, पावाचा पापुद्रा किंवा कॉफीचे बी भाजताना घडते त्याच जातीची पण अतिशय संथ अशी प्रक्रिया चालते. बुडबुडे मंदावतात, रंग सोन्याकडे झुकतो, फुलांचा आणि ताज्या फळांचा वास मागे पडून मध, अक्रोड, सुकी फळे, कॉफी, कधी अळिंबी असे वास पुढे येतात. मोठ्या, दीड लिटरच्या बाटलीत हे सारे सावकाश घडते, नेहमीच्या बाटलीत लवकर.

या सगळ्या व्यवहारात काळाने काय केले? आमचे उत्तर : काहीही नाही. लोणचे काळ मुरवत नाही, मीठ मुरवते. काळ म्हणजे मिठाला काम करायला मिळालेला अवकाश. यीस्ट, साखर, बूच, थंडावा आणि माणसाचा हात यांनी केलेल्या कामाचे श्रेय काळाच्या नावावर जमा करणे म्हणजे कर्त्याला वाक्यातून हद्दपार करणे होय. अमुक कादंबरी काळाच्या कसोटीला उतरली असे आपण लिहितो तेव्हा हेच करतो. कादंबरी टिकली ती कोणी पुन्हा छापली म्हणून, कोणी अभ्यासक्रमाला लावली म्हणून, आणि कोणी खरोखर पुन्हा वाचली म्हणून. या तीन कारणांचे मोल सारखे नाही. ‘काळ’ म्हटले की तो फरक नाहीसा होतो.

आणखी एक गोष्ट. सालाच्या आकड्याने वाइनचे वय कळत नाही, द्राक्षे केव्हा तोडली एवढेच कळते. १९९६ च्या एकाच घराण्याच्या दोन बाटल्या घ्या. एकीचा गाळ २००३ मध्ये काढला आणि दुसरीचा २०१८ मध्ये, तर त्या दोन वेगळ्या वाइन आहेत. एक बुचाखाली वाढली, दुसरी गाळाच्या राखणीत. बोलँजे घराण्याच्या लिली बोलँजे यांनी १९५२ ची वाइन गाळावर दीर्घकाळ ठेवून १९६७ मध्ये ‘नुकताच गाळ काढलेली’ अशा नावाने विक्रीस आणली, तेव्हा हा भेद प्रथमच ठळकपणे बाजारात आला. तरीही गाळ काढल्याची तारीख आजसुद्धा अनेक बाटल्यांवर सापडत नाही. आवृत्तीचा उल्लेख न करता संहितेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण परत पाठवतो. आणि ही तारीख न विचारता ‘शहाण्णवचे चारित्र्य’ यावर पाने भरणाऱ्याला मात्र जाणकार म्हणतो.

कर्त्याला घालवून दिले की त्या रिकाम्या जागी दंतकथा येऊन बसते. ओव्हिलेर येथील मठाचे कोठार सांभाळणारे दों पिएर पेरिन्याँ (१६३८-१७१५) यांनी फसफसणारी शॅम्पेन शोधून काढली, ही कथा जगभर विकली गेली. वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षे एकत्र करण्याच्या कौशल्याचे श्रेय त्यांना जरूर द्यावे, पण बुडबुडा हा त्यांच्या काळी दोष होता. शोधाची कथा त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८२१ मध्ये, त्याच मठातल्या एका माजी भिक्षूच्या पत्रातून पसरली. वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याची रीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच मांडली होती. गाळ मानेशी आणण्याचा खटाटोप सुकर झाला तो बार्ब-निकोल पाँसार्दाँ या विधवेच्या तळघरात, १८१६ च्या सुमारास, भोके पाडलेल्या मेजामुळे. तेथे रोज बाटल्या फिरवणाऱ्या कामगारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. संताच्या नावाने सांगितलेली गोष्ट मजुराच्या हातापेक्षा अधिक खपते. हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

कालातीत चारित्र्याचा युक्तिवादही येथेच कोसळतो. २०१० च्या जुलैमध्ये बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांद बेटांजवळ, एका बुडालेल्या जहाजात सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या १६८ बाटल्या मिळाल्या. त्यांत पाँसार्दाँबाईंच्या घराण्याचीही शॅम्पेन होती. शास्त्रज्ञांनी तपासली तेव्हा लिटरमागे १४० ग्रॅमहून अधिक साखर निघाली. आज ‘ब्रूत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शॅम्पेनमध्ये ही मर्यादा १२ ग्रॅम आहे. म्हणजे ज्या कोरड्या, करकरीत चवीला आज अभिजात म्हटले जाते ती त्या काळच्या गिऱ्हाइकाला बहुधा अपुरी वाटली असती. कोरडी शॅम्पेन एकोणिसाव्या शतकात मुख्यतः इंग्रज गिऱ्हाइकाच्या आवडीने पुढे आली. लुईझ पॉमेरी यांची १८७४ ची वाइन हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. परंपरा म्हणून जे मिरवले जाते ते दीडशे वर्षांपूर्वीचे बाजारातले वळण आहे.

एवढे वाचून भंजक मंडळी खूश झाली असतील. त्यांचा पक्ष आम्हांला चांगला माहीत आहे, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही त्यातच होतो. बोर्द्यू यांचा १९७९ मधील ‘ला दिस्तँक्स्यों’ हा ग्रंथ हाती आला की सगळी अभिरुची म्हणजे वर्गीय प्रतिष्ठेचा खेळ आहे, असे सूत्र मिळते आणि मग चव घेण्याची गरजच उरत नाही. जुनी शॅम्पेन? श्रीमंतांचे ढोंग. प्रकरण मिटले. आमचा या पक्षाला विरोध भाविकांच्या पक्षाइतकाच तीव्र आहे. अभिरुचीला वर्ग असतो हे खरे. पण म्हणून अभिरुचीच्या विषयाला अस्तित्व नसते असे कसे ठरते? समुद्रातून काढलेली ती वाइन परीक्षकांनी हुंगली तेव्हा आधी जनावराचा, ओल्या केसांचा, चीजचा वास आला. पेल्यात फिरवल्यावर, हवा लागल्यावर, भाजकट, धुरकट, चामड्यासारखे वास वर आले आणि त्यांच्याबरोबर फळाफुलांचेही. हा बदल कोणत्याही वर्गाने पेल्यात ओतलेला नव्हता. भाविक पहिल्या वासाबद्दल खोटे बोलला असता; भंजक दुसऱ्या वासापर्यंत थांबलाच नसता.

आता आमची कबुली. एका परिचितांच्या घरी १९९६ ची एक बाटली उघडली गेली तेव्हा आम्ही तेथे होतो. शहाण्णव हे शांपान्यमधले नावाजलेले साल. द्राक्षांत साखरही भरपूर होती आणि आम्लताही, त्यामुळे ही वाइन दीर्घायुषी होणार असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. हे आम्ही आधीच वाचले होते. पेला हाती आला. पहिला वास कापून ठेवलेल्या, काळवंडू लागलेल्या सफरचंदाचा होता. मागून अळिंबी, थोडा कुबटपणा. बुडबुडे विरळ. आंबटपणा दातांना जाणवेल इतका. आणि आम्ही काय म्हणालो? ‘अप्रतिम.’ आमच्याआधी घरच्या यजमानांनीही तेच म्हटले होते. मग अर्धा तास गप्पांत गेला आणि पेल्यात राहिलेल्या घोटाकडे पुन्हा वळलो, तर कुबटपणा गेला होता. साय भाजून तूप होताना घरभर सुटतो तसा वास, त्यात मध, आणि ज्याने आधी दात आंबवले होते तोच आंबटपणा आता या सगळ्याला ताठ कण्यासारखा धरून उभा. वाइन खरोखरच उत्तम होती.

म्हणजे आमचा अभिप्राय बरोबर ठरला. पण तो दिला तेव्हा खोटा होता. आम्ही सालाची चव घेतली होती, वाइनची नव्हे. न पाहिलेल्या घटनेची साक्ष दिली आणि घटना योगायोगाने तशीच घडलेली निघाली, म्हणून साक्ष खरी होत नाही. ही गोष्ट आम्हांला इतकी लागली की पुढच्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासताना हात अडखळला. एका मान्यवर कवीविषयी तीस विद्यार्थ्यांनी ‘कालातीत’ लिहिले होते. तिसांचेही विधान कदाचित बरोबर असेल. त्यांपैकी कितींनी ती कविता कुबट लागेपर्यंत वाचली होती, आणि कुबटपणा जाईपर्यंत थांबले होते? आणि त्यांना ‘अप्रतिम’ म्हणायला शिकवले कोणी? त्या विद्यार्थ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. गुण मात्र आम्ही दिले. इतकी वर्षे देत आलो आहोत.

शहाण्णवची सगळीच गोष्ट सुखाची नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या सालच्या कित्येक बाटल्या अपेक्षेआधीच थकल्या, हवा लागून तपकिरी झाल्या. साल खरोखर थोर होते का, यावर जाणकारांत पुढे वाद झाले. हे स्वाभाविक आहे. वय हा गुण नाही, तो धोका आहे. मराठीला हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. आपल्याकडे वस्तू जुनी होण्याला एकच क्रियापद नाही : ती आंबते, मुरते, शिळी होते, विटते, उतरते, नासते. खवट आणि खरपूस यांतले अंतर सांगायला आपल्याला फ्रान्सला जावे लागत नाही. असे असताना मराठीत वाइनवर लिहिणारे ब्रियोश आणि हेझलनट यांच्या याद्या उतरवून काढतात, आणि साहित्यावर लिहिणारे सगळ्या जुन्या लेखकांना सरसकट ‘मुरलेले’ म्हणतात. मुरणे म्हणजे मीठ आतपर्यंत जाणे. प्रत्येक जुन्या बरणीत ते गेलेले नसते. काही बरण्यांवर बुरशी असते, आणि झाकण उघडल्याशिवाय ती दिसत नाही.

शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सालाचे चारित्र्य म्हणजे त्या वर्षीचे ऊनपाऊस, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. १९१४ चे साल शांपान्यच्या थोर सालांत गणले जाते. ती द्राक्षे महायुद्ध सुरू झाल्यानंतर, पुरुष आघाडीवर गेलेले असताना, तोफांच्या आवाजात बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी तोडली. त्याच सप्टेंबरात रँसच्या कॅथीड्रलवर तोफगोळे पडले, आणि पुढे शहरातली माणसे त्याच खडूच्या तळघरांत राहायला गेली, जेथे बाटल्या निजल्या होत्या. त्याआधी तीनच वर्षे, १९११ मध्ये, बाहेरून स्वस्त द्राक्षे आणून त्यांची शॅम्पेन करणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध द्राक्षकऱ्यांनी उठाव केला; आय् गावात तळघरे फोडली गेली आणि सरकारला सैन्य पाठवावे लागले. नाव राखण्याचे जे कडक कायदे आज जगाला ठाऊक आहेत, ज्यांच्यामुळे आमच्या नाशिकमध्ये त्याच पद्धतीने केलेल्या वाइनला शॅम्पेन म्हणता येत नाही, त्यांच्या मागे हा राग आहे.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. शांपान्यमध्ये द्राक्षे आजही हातांनीच तोडावी लागतात. घड अखंड राहिला पाहिजे असा नियम आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, कडक उन्हात, तोडणीच्या काळात काही हंगामी मजूर दगावले. त्याच हंगामात बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पन्नासहून अधिक मजुरांना अमानुष अवस्थेत ठेवल्याचे उघडकीस आले, आणि २०२५ च्या जुलैत शालों-आं-शांपान्यच्या न्यायालयाने या प्रकरणी तिघांना मानवी तस्करीबद्दल दोषी ठरवले. वाइनचे पावित्र्य गाणाऱ्या फ्रेंचांना तिच्यामागची अल्जीरियातली जमीन आणि तेथला भुकेला माणूस रोलां बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये दाखवून दिला होता. ती आठवण अजून शिळी झालेली नाही. २०२३ च्या व्हिंटेज बाटल्या उद्या येतील, परवा जुन्या होतील, आणि आणखी तीस वर्षांनी कोणीतरी पेला प्रकाशात धरून म्हणेल : यात काळाची चव आहे. आम्हांला त्याला विचारायचे आहे : कोणाच्या काळाची?

वाइन या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. मजुराचा घाम चवीत उतरतो, असे म्हणणे हीही एक भावुक दंतकथाच होईल. अन्यायाने तोडलेल्या द्राक्षांची वाइन उत्तम असू शकते, आणि हीच अडचण आहे. जिभेची साक्ष आणि इतिहासाची साक्ष या दोन वेगळ्या साक्षी आहेत. एकीने दुसरीचे काम करू नये, आणि एक मिळाली म्हणून दुसरी बोलवायची राहू नये. भाविक समीक्षक जिभेचे ऐकत नाही, कारण त्याला साल पुरते. भंजक समीक्षकही जिभेचे ऐकत नाही, कारण त्याला सिद्धान्त पुरतो. दोघेही तहानलेले उठतात.

आमची मागणी साधी आहे. पेला हातात आला की आधी जे लागले ते सांगावे, कुबट असेल तर कुबट. मग थांबावे. मग पुन्हा चाखावे, आणि मत बदलले तर तेही सांगावे. नंतर बाटली फिरवून मागचे वेष्टण वाचावे : गाळ केव्हा काढला, कोणी काढला, द्राक्षे कोणी तोडली. तेथे लिहिलेले नसेल तर विचारावे. पुढच्या सत्रात आम्ही वर्गात पहिल्या दिवशी ‘कालातीत’ हा शब्द फळ्यावर लिहून पुसणार आहोत. तो वापरायचा असेल त्याने आधी त्याचा कर्ता आणून दाखवावा.